शरीर आणि वनौषधी, एकाच हाताने काढलेली चित्रं

शिरीषछाया (धागाकर्ती)

बरगड्यांच्या पिंजऱ्यात फुलं, हृदयातून उगवलेली वेल, फुफ्फुसांच्या जागी झाडाच्या फांद्या. अशी चित्रं सध्या टॅटूपासून पोस्टरपर्यंत सगळीकडे दिसतात आणि त्यातली बरीच देखणीही असतात. पण बहुतेक चित्रांत फूल कुठलंही चालतं. गुलाब काढून तिथे कमळ ठेवलं तरी काही बिघडत नाही. बरगड्या बारा जोड्या आहेत की नऊ, हेही कुणी मोजत नाही. मला त्याबद्दल बोलायचं आहे, कारण या जोडीमागचा इतिहास फार मोठा आहे आणि तो हातातून निसटतोय असं वाटतं.

शरीर आणि औषधी वनस्पती वैद्यकाच्या वेळापत्रकामुळे एकत्र आल्या. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत शवविच्छेदन हिवाळ्यात व्हायचं, कारण थंडीत प्रेत टिकायचं. उन्हाळा आला की तेच विद्यार्थी वनस्पती ओळखायला औषधी बागेत जायचे. पादुआची बाग १५४५ ची, तिथलं कायमस्वरूपी शवविच्छेदनगृह १५९५ चं. लायडनला पीटर पाव हा एकच प्राध्यापक दोन्ही विषय शिकवायचा. वैद्याला शरीर जितकं ओळखता यायला हवं तितकंच मूळ आणि पानही. चुकीचं मूळ उकळलं तर रोगी दगावायचा.

मग चित्रकारही तेच असणार! यान वांडेलार हे नाव फारसं कुणी घेत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयसच्या 'हॉर्टस क्लिफोर्टियानस' (१७३८) या ग्रंथासाठी चित्रकार एरेटच्या रेखाटनांवरून तांब्यावर कोरीवकाम केलं ते याने. आणि लायडनचा शरीररचनातज्ज्ञ आल्बिनस याच्यासाठी वर्षानुवर्षं सांगाडे आणि स्नायू काढले तेही याने. तो ग्रंथ १७४७ साली आला. त्यातला सांगाडा झाडाझुडपांच्या पार्श्वभूमीवर उभा आहे, आणि दोन पानांवर तर मागे क्लारा नावाची गेंडी चरताना दिसते. मागची झुडपं कुणीतरी भराव म्हणून घातलेली वाटत नाहीत. ज्या हाताला पानाची शीर कशी वळते हे माहीत आहे, त्याच हाताने मांडीचं हाड काढलंय हे दिसतं.

मी अवयव आणि औषधी वनस्पती अशी एक चित्रमालिका करायला घेतली आहे. अट एकच ठेवली आहे: प्रत्येक पानावर वनस्पती आणि अवयव यांचं नातं खरं असलं पाहिजे. इथे डॉक्टर, वनस्पती अभ्यासक, चित्रकार सगळेच आहेत, म्हणून धागा काढला. जोड्या सुचवा, वाद घाला, आवडती चित्रं सांगा.

---

मज्जारज्जू

फार आवडीचा विषय. मी पेशाने डॉक्टर आहे, म्हणून औषधाच्या बाजूने जोड्या सुचवतो.

पहिली जोडी डोळा आणि बेलाडोना ही विषारी वनस्पती. परितारिकेत, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यात, दोन तऱ्हेचे स्नायू असतात. एक बाहुलीभोवती वर्तुळाकार, तो बाहुली लहान करतो. दुसरे त्रिज्येच्या दिशेने पसरलेले, ते बाहुली मोठी करतात. बेलाडोनातलं ॲट्रोपीन वर्तुळाकार स्नायूला मिळणारा चेतासंदेश अडवतं. तो सैल पडतो, बाहुली पसरते. चित्रकाराच्या दृष्टीने यात सगळंच आहे: सैल पडलेलं वर्तुळ, ताणलेल्या त्रिज्या आणि शेजारी ते काळं चकचकीत फळ.

दुसरी हृदय आणि फॉक्सग्लोव्ह, म्हणजे डिजिटॅलिस. विल्यम विदरिंगने १७८५ मध्ये या झाडावर पुस्तक लिहिलं, त्यात झाडाचं रंगीत चित्रही आहे. हृदयाचं आकुंचन जोरकस होतं, ठोक्यांची गती संथ होते. पण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यात अंतर फार थोडं. ते अंतर चित्रात कसं दाखवायचं हा तुमचा प्रश्न, पण दाखवाच.

तिसरी माझी सगळ्यात लाडकी, सदाफुली. तिच्यातून विन्क्रिस्टीन आणि विनब्लास्टीन ही कर्करोगावरची औषधं मिळाली. पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे सूक्ष्म तंतू असतात, ते ही औषधं जुळूच देत नाहीत. रक्ताच्या कर्करोगात विन्क्रिस्टीन आजही वापरतात. इथे अवयव काढू नका, विभाजन अडलेली एक पेशी काढा आणि शेजारी ते पाच पाकळ्यांचं साधं फूल.

अफूही घ्या, पण मेंदूपुरती ठेवू नका. वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच अडवला जातो, आणि आतड्याची हालचालही तिने मंदावते. बोंडापासून मज्जारज्जू आणि आतडं अशा दोन वाटा निघतील.

---

ताम्रपट

मी छापचित्रं करते, लाकूड आणि तांबं दोन्ही. धागाकर्तीने वांडेलारचं नाव काढलं म्हणून मन भरून आलं. आल्बिनसच्या सांगाड्यासाठी त्याने काय केलं ते सांगते. सांगाड्यासमोर वेगवेगळ्या अंतरावर दोन चौकटी लावल्या, दोन्हीत दोऱ्यांची जाळी. चित्रकाराने ठरावीक ठिकाणी उभं राहून दोन्ही जाळ्यांचे छेद एकावर एक जुळवायचे आणि मग कागदावर बिंदू टाकायचा. इतकी मेहनत कशासाठी, तर आल्बिनसला एक अमुक माणूस नको होता, त्याला आदर्श मानवी सांगाडा हवा होता.

हा वाद वनस्पतींच्या चित्रांतही जसाच्या तसा आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १५३० मध्ये ब्रुनफेल्सच्या वनस्पतींवरच्या पुस्तकासाठी हान्स वायडित्झने झाडं काढली ती समोर होती तशी. पान कोमेजलेलं असेल तर कोमेजलेलं, किड्याने खाल्लेलं असेल तर भोकासकट. बारा वर्षांनी, १५४२ मध्ये, लेओनहार्ट फुक्सचं वनस्पतींवरचंच पुस्तक आलं आणि त्याने उलट वाट धरली. त्याच्या चित्रांत एकाच झाडावर कळी, फूल, फळ सगळं एकदम येतं. निसर्गात असं एका दिवशी दिसत नाही, पण ओळख पटवायला ते लागतं. सावल्याही त्याने मुद्दाम टाळल्या, रूप झाकलं जाऊ नये म्हणून.

आता शरीराकडे या. १६८५ मध्ये बिडलोच्या शरीररचनेवरच्या ग्रंथासाठी गेरार्ड द लेरेसने जी चित्रं काढली, त्यात टाचण्या दिसतात, दोऱ्या दिसतात, कापडावर बसलेली माशीही दिसते. हे टेबलावरचं एक विशिष्ट प्रेत आहे, हे तो विसरू देत नाही. विल्यम हंटरच्या गर्भाशयावरच्या ग्रंथात (१७७४) यान व्हान रिम्सडाइकने ओल्या चकचकीत आवरणावर खिडकीचं प्रतिबिंबसुद्धा काढलं आहे. म्हणजे वायडित्झ, लेरेस आणि रिम्सडाइक एका बाजूला, फुक्स आणि आल्बिनस दुसऱ्या बाजूला.

शिरीषछाया, तुमची मालिका कुठल्या बाजूची? हे आधी ठरवा. आदर्श हृदयाशेजारी किडलेलं पान किंवा त्याच्या उलट, असं चालेल, पण ते विचार करून झालेलं हवं.

अवांतर: फुक्सने आपल्या तिन्ही कारागिरांची चित्रं पुस्तकात छापली. रेखाटणारा आल्ब्रेख्त मायर, लाकडावर उतरवणारा हाइनरिख फ्युलमाउरर आणि कोरणारा फाइट रुडोल्फ श्पेक्ल. मायरच्या हातात कुंचला आहे आणि समोर पेल्यात रोप. कारागिराचं तोंड पुस्तकात छापणं त्या काळात किती दुर्मिळ होतं!

---

पाऊलखुणा

वाचनखूण साठवली. बेलाडोनाची कल्पना तर अप्रतिमच.

---

केशरकाडी

मला थोडं वेगळं वाटतं. नातं औषधाचंच का हवं? दिसण्यातलं नातंही खरंच असतं की. अक्रोड फोडला की मेंदू दिसतो, हे लहान मूलही सांगेल. चित्रकाराचं काम डोळ्यांचं आहे. रसायनशास्त्र तपासून चित्र काढायचं म्हटलं तर कल्पनेला जागा कुठे उरते?

---

पर्णिका

केशरकाडी, तुमचा मुद्दा जुना आणि वजनदार आहे. एके काळी त्यावर अख्खी विचारपद्धती उभी होती. वनस्पती ज्या अवयवासारखी दिसते त्या अवयवावर ती औषध, निर्मात्याने तशी खूणच ठेवली आहे, असं मानलं जायचं. पॅरासेल्ससने ते मांडलं आणि जांबात्तिस्ता देल्ला पोर्ताने १५८८ च्या ग्रंथात चित्रांनी सजवलं. त्यात वनस्पतींच्या शेजारी माणसांचे आणि प्राण्यांचे अवयव काढलेले आहेत. चित्रं म्हणून ती विलक्षण आहेत. डोळा खिळतो. पण त्या विचाराने माणसांना चुकीची औषधं दिली गेली, हेही लक्षात ठेवायला हवं.

एक जोडी देते, त्यात दोन्ही बाजू आहेत. पल्मोनेरिया या झाडाच्या पानांवर पांढुरके ठिपके असतात, फुफ्फुसावर असावेत तसे. म्हणून ते फुफ्फुसाचं औषध मानलं गेलं. दुसरीकडे आपला अडुळसा. त्याचं पान फुफ्फुसासारखं अजिबात दिसत नाही, पण त्यात व्हॅसिसीन आहे, आणि त्याच्याच रचनेवरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. एका चित्रात दोन फुफ्फुसं काढा. एकावर फुफ्फुसासारखं दिसणारं पान, दुसऱ्यावर फुफ्फुसावर काम करणारं. बघणाऱ्याने आधी चुकीच्या पानाकडेच ओढलं जावं इतकं ते सुंदर काढा.

आणि मँड्रेक विसरू नका. त्याचं मूळ फाटे फुटून माणसासारखं दिसतं. जुन्या हस्तलिखितांत त्याला हात, पाय, चेहरा, केस सगळं मिळालं आहे. इथे गंमत अशी की त्यातली अल्कलॉइडं खरोखरच गुंगी आणतात, म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी ते देत असत. दिसणं आणि गुण दोन्ही एकत्र आले, पण एकामुळे दुसरं आलं असं नाही.

व्हिएन्नात जपलेलं, प्राचीन ग्रीक वैद्य डायोस्कोरिडिसच्या वनौषधिग्रंथाचं हस्तलिखित साधारण ५१२ सालचं, कॉन्स्टँटिनोपलच्या राजघराण्यातल्या अनिकिया युलियानासाठी केलेलं. त्यात एका पानावर डायोस्कोरिडिस लिहीत बसला आहे, विचारदेवता मँड्रेकचं रोप हातात धरून उभी आहे आणि एक चित्रकार ते बघून काढतो आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचं चित्र, आणि विषय 'समोर बघून काढणं' हा! दुसऱ्या पानावर मँड्रेक आहे आणि ते उपटताना मेलेला कुत्रा, कारण मूळ उपटताना ते किंचाळतं आणि ऐकणारा मरतो अशी समजूत होती. एकाच ग्रंथात निरीक्षणही आहे आणि समजूतही आहे.

---

शिरीषछाया

पर्णिका, अडुळशाचं पान नक्की करणार. दोन फुफ्फुसांची मांडणी डोक्यात बसलीच.

केशरकाडी, दिसण्यातल्या नात्याला माझा विरोध नाही, ते वरवरचं असू नये एवढंच. उदाहरणार्थ फांद्या फुटणं. फुफ्फुसातल्या श्वासनलिका, यकृतातल्या शिरा, झाडाच्या फांद्या आणि पानातल्या शिरा एकमेकांसारख्या दिसतात, आणि त्यामागे कारण आहे. एका वाटेने आलेला द्रव किंवा वायू फार मोठ्या पृष्ठभागावर वाटायचा असेल तर फाटे फुटत जाणं हाच सोपा मार्ग. लिओनार्दोने हे डोळ्यांनी पकडलं होतं. त्याच्या एका पानावर हृदय आणि त्यातून निघालेल्या रक्तवाहिन्या आहेत, आणि शेजारी रुजलेलं बी, मुळं आणि कोंब. हृदय हे त्या झाडाचं बीज. झाडाच्या सगळ्या फांद्यांची जाडी एकत्र केली तर ती खोडाइतकी भरते, असंही त्याने नोंदवलं आहे.

याहून थेट गोष्ट बघायची तर 'एव्हलिन फलक'. जॉन एव्हलिनने १६४६ च्या सुमारास पादुआहून आणलेल्या चार लाकडी फळ्या, त्यांवर माणसाच्या खऱ्या धमन्या, शिरा आणि मज्जातंतू सोडवून चिकटवले आहेत. आता त्या लंडनच्या शल्यचिकित्सक संस्थेच्या संग्रहात आहेत. फळीवर डोकं, धड, हातपाय काहीच नाही, फक्त फाटे. पानं गळून गेलेलं झाड वाटतं, आणि नीट पाहिलं की खांदा कुठे, कंबर कुठे हे कळायला लागतं. ती कुणी चित्र म्हणून केली नाहीत, तरी माझ्यासाठी या विषयातली सगळ्यात प्रभावी कलाकृती तीच.

ताम्रपट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: वनस्पती वायडित्झच्या वाटेने, अवयव फुक्सच्या वाटेने. पान एका विशिष्ट झाडाचं, भोकासकट. अवयव मात्र ओळख पटेल असा, आदर्श. पान दरवेळी समोर ठेवून काढता येतं, आणि ते कोमेजताना दिसणं ही मालिकेची गरज आहे.

---

उत्तरवारा

तुम्ही सगळे युरोपातच फिरताय, म्हणून तिबेटकडे वळवतो. 'नील वैडूर्य' हे वैद्यकग्रंथावरचं भाष्य सांगये ग्यात्सोने १६८७-८८ मध्ये लिहिलं. तो पाचव्या दलाई लामांच्या शासनाचा कारभारी. त्या भाष्यासाठी ७९ थांगका, म्हणजे कापडावरचे चित्रपट, रंगवले गेले. त्यात शरीररचना आहे, गर्भाची वाढ आहे, नाडीपरीक्षा आहे, आणि अनेक पटांवर फक्त औषधी: खनिजं, प्राणी, आणि रांगाच्या रांगा वनस्पतींच्या, प्रत्येकाखाली नाव.

या धाग्याला सगळ्यात जवळची त्यातली झाडं आहेत. अख्खं वैद्यक झाडाच्या रूपात मांडलं आहे. एकूण ३ मुळं, ९ खोडं, ४७ फांद्या, २२४ पानं. पहिलं मूळ शरीराचं, दुसरं निदानाचं, तिसरं उपचाराचं. पहिल्या मुळाची दोन खोडं, एक निरोगी शरीराचं, दुसरं रोगी शरीराचं. निरोगी खोडावर २५ पानं: तीन दोषांचे पाच-पाच प्रकार मिळून १५, सात धातू आणि तीन मल. आयुर्वेद थोडाफार वाचलेल्याला ही यादी लगेच ओळखता येईल. वाताची पानं निळी, पित्ताची पिवळी, कफाची पांढरी. निरोगी खोडाच्या शेंड्याला दोन फुलं, आरोग्य आणि दीर्घायुष्य. आणि तीन फळं: धर्म, अर्थ, सुख.

विद्यार्थी हे झाड बघून पाठांतर करायचे. झाड इथे सजावटही नाही आणि औषधही नाही. ते स्मरणाचं साधन आहे. तुमच्या 'खऱ्या नात्याच्या' व्याख्येत हे बसतं का, सांगा.

---

शिरीषछाया

बसतं, आणि व्याख्याच रुंद करतं. रंगाने दोष ओळखायचा ही कल्पना तर मी उचलणार आहे: प्रत्येक पानावर वनस्पतीतलं द्रव्य शरीरात जिथे पोचतं तेवढ्याच जागी रंग, बाकी सगळं शाईत.

---

मज्जारज्जू

> अख्खं वैद्यक झाडाच्या रूपात मांडलं आहे

यावरून लंडनच्या वेलकम संग्रहातलं 'आयुर्वेदिक पुरुष' म्हणून ओळखलं जाणारं चित्र आठवलं. साधारण अठराव्या शतकातलं, नेपाळकडचं. उभा माणूस, आतले अवयव उघडे दाखवलेले आणि भोवती 'भावप्रकाश' या ग्रंथातला संस्कृत मजकूर. भावप्रकाशाचा निघंटू म्हणजे वनौषधींचा खजिनाच, आणि इथे त्याच ग्रंथातलं शरीर. चित्रात मजकूर अवयवांच्या अगदी जवळ लिहिलेला आहे, बघणाऱ्याला पानं उलटावी लागत नाहीत.

---

ताम्रपट

अवयवाच्या जवळ मजकूर म्हटल्यावर हेन्री व्हँडाइक कार्टर आलाच पाहिजे! १८५८ च्या 'ग्रेज ॲनाटॉमी'ची चित्रं त्याची. त्याआधीच्या बऱ्याच ग्रंथांत अवयवावर अ, ब, क अशा खुणा असायच्या आणि नावं दुसरीकडे. कार्टरने नाव थेट हाडावर, स्नायूवर, धमनीच्या वळणावर लिहिलं. पुस्तक बाहेर येण्याच्या सुमारास तो मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायला लागला आणि पुढे तिथला प्राचार्यही झाला. १८७४ मध्ये त्याने मायसेटोमा या पायाच्या बुरशीजन्य रोगावर पुस्तक काढलं. ग्रेचं नाव जगभर झालं, कार्टरचं मागे राहिलं. चित्रं बघून पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर शिकले, त्यांनी तरी ते नाव घ्यावं.

---

सायली_पाटी

नाव मागे राहण्यावरून दोन स्त्रिया.

एलिझाबेथ ब्लॅकवेल. नवरा कर्जापायी तुरुंगात. हिने लंडनच्या चेल्सी इथल्या औषधी बागेजवळ घर घेतलं, ताजी झाडं बघून काढली, तांब्यावर स्वतः कोरली आणि स्वतःच रंगवली. १७३७ ते १७३९ मध्ये ५०० चित्रं, आठवड्याला चार-चार करून प्रकाशित. नवऱ्याला वैद्यकाची माहिती होती, तो तुरुंगातून नावं आणि गुणधर्म पुरवायचा. विक्रीच्या पैशातून त्याला सोडवलं. रेखाटन, कोरीवकाम, रंग ही कामं तेव्हा तीन वेगवेगळी माणसं करायची. (वर फुक्सचे तीन कारागीर आलेच आहेत.) हिने तिन्ही एकटीने केली.

दुसरी राखेल राउश, डच पुष्पचित्रकार, १६६४ ते १७५०. तिचे वडील फ्रेडरिक राउश म्हणजे ॲम्स्टरडॅमचे शरीररचनातज्ज्ञ आणि तिथल्या औषधी बागेचे प्राध्यापकही. रक्तवाहिन्यांत मेणासारखं द्रव्य भरून त्या कडक करायच्या, ही त्यांची हातोटी. त्यांनी मूतखड्यांचे खडक, कडक केलेल्या वाहिन्यांची झाडं आणि त्यांमध्ये अर्भकांचे छोटे सांगाडे अशी दृश्यं मांडली. संग्रहाच्या सजावटीत राखेल मदत करायची. १७१७ मध्ये पीटर द ग्रेटने संग्रह विकत घेतला. ती दृश्यं आता उरली नाहीत, फक्त त्यांची कोरीवचित्रं आहेत.

राखेलची फुलं पुन्हा बघा आता. देठ वळताना आतून काहीतरी वाहतंय असं वाटतं. जिने लहानपणापासून भरलेल्या धमन्या हाताळल्या, तिला ते दिसणारच.

---

केशरकाडी

सायली, राखेलबद्दलचा शेवटचा परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला. पण अर्भकांचे सांगाडे वाचून अंगावर काटाही आला. ही शरीरं कुणाची होती? एवढं कौतुक करताना हे विचारायला नको का?

---

पर्णिका

विचारायलाच हवं, आणि वनस्पतींबाबतही तोच प्रश्न आहे. ज्ञान कुणाचं होतं?

चित्रकार मारिया सिबिला मेरियनचं, दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामवरचं पुस्तक १७०५ चं. त्यात शंकासुराचं झाड आहे, लाल-पिवळ्या फुलांचं, फार सुरेख. शेजारच्या मजकुरात तिने लिहिलंय की गुलाम स्त्रिया या बिया गर्भपातासाठी वापरतात, आपली मुलं गुलामगिरीत जन्मू नयेत म्हणून. हे तिला त्या स्त्रियांनीच सांगितलं. चित्र घरात लावणारे किती जण तो मजकूर वाचतात?

त्याउलट 'हॉर्टस मलाबारिकस'. १६७८ ते १६९३, ॲम्स्टरडॅम, १२ खंड, सातशेहून अधिक वनस्पती. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीडने तो करवून घेतला, पण ज्ञान दिलं वैद्य इट्टी अच्युतन यांनी आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पू भट या तिघांनी. त्यांची नावानिशी साक्ष पहिल्या खंडातच छापली आहे, तिघा पंडितांची तर नागरी लिपीत, कोकणी भाषेत. १६७८ मध्ये छापलेली नागरी! ऱ्हीड सत्ताधारी होता हे खरंच, पण सांगणाऱ्याचं नाव त्याने पुसलं नाही.

---

मज्जारज्जू

शरीरांबद्दल मीच सांगतो, कारण आमच्या पेशाची ती जबाबदारी आहे. पेर्नकॉफचा शरीररचनेचा चित्रसंग्रह, पहिला खंड १९३७ चा, व्हिएन्ना. जलरंगातली इतकी तपशीलवार चित्रं क्वचितच झाली असतील. लेखक नाझी, काही चित्रकारही. एरिख लेपियरने सहीत स्वस्तिक घातलेली पानं आहेत. व्हिएन्ना विद्यापीठाने चौकशी केली आणि १९९८ मध्ये अहवाल दिला: नाझी काळात तिथल्या शरीररचना विभागाला मृत्युदंड दिलेल्या किमान १३७७ माणसांची शरीरं मिळाली होती. मज्जातंतूंच्या शस्त्रक्रिया करणारे काही डॉक्टर अडचणीच्या प्रसंगी आजही ती चित्रं उघडतात, कारण तो तपशील दुसरीकडे सापडत नाही. माझं मत असं की उघडायची झाली तर ती माणसं कोण होती हे सांगूनच उघडावीत.

शिरीषछाया, तुमचे अवयव कशावरून काढणार आहात, तेही पानावर लिहा.

---

पाऊलखुणा

आधुनिक कलेवर कुणीच बोललं नाही. फ्रीडा काहलोचं 'मुळं' (१९४३): भेगाळलेल्या जमिनीवर ती आडवी, धड खिडकीसारखं उघडं, त्यातून वेल बाहेर येते आणि पानांच्या शिरा लाल होऊन पानाबाहेर जमिनीत उतरतात. तिला मुळात डॉक्टर व्हायचं होतं, १९२५ च्या अपघाताने ते राहिलं. म्हणून तिच्या चित्रांतली हाडं ऐकीव वाटत नाहीत.

आणि व्हॅन गॉगचं डॉ. गाशेचं चित्र, १८९०. टेबलावर फॉक्सग्लोव्ह आहे. व्हॅन गॉगच्या चित्रांतला पिवळा रंग डिजिटॅलिसमुळे होता असं वाचलंय, ते खरं का?

---

मज्जारज्जू

डिजिटॅलिस जास्त झालं तर सगळं पिवळसर दिसू शकतं, एवढं खरं. पण त्याला ते औषध दिल्याची नोंद नाही. आणि गाशेची भेट १८९० च्या मे महिन्यातली, सूर्यफुलं १८८८ ची. पिवळा त्याने निवडलेला होता. चित्रातलं फॉक्सग्लोव्ह म्हणजे गाशे डॉक्टर असल्याची खूण.

---

पर्णिका

वनस्पती खूण म्हणून येते त्याचं याहून फार जुनं उदाहरण क्रीट बेटावरच्या गाझीची मातीची देवी, तीन हजार वर्षांहून जुनी, हेराक्लिओनच्या संग्रहालयात आहे. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले, डोक्यावर अफूची तीन बोंडं. बोंडांवर उभ्या चिरा आहेत, चीक काढायला देतात तशाच. ज्याने ती घडवली त्याला चीक कसा काढतात हे माहीत होतं. अफूच्या पानासाठी बोंड काढाल तेव्हा चिरा द्यायला विसरू नका, आणि चीक ताजा असताना पांढरा, वाळल्यावर तपकिरी.

---

शिरीषछाया

चिरा नक्की. पहिली सहा पानं आता ठरली: परितारिका आणि बेलाडोना, हृदय आणि फॉक्सग्लोव्ह, दोन फुफ्फुसं (पल्मोनेरिया आणि अडुळसा), मज्जारज्जू-आतडं आणि अफू, विभागणारी पेशी आणि सदाफुली, गर्भाशय आणि शंकासुर. शेवटच्या पानावर त्या स्त्रियांबद्दल मेरियनने जे नोंदवलं तेही चित्राच्या आतच येईल, खाली टीप म्हणून नाही. मज्जारज्जू म्हणाले तसं अवयव कशावरून काढला हे प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लिहीन. देहदानातून आलेल्या नमुन्यांवरून, परवानगी घेऊन काढायचा विचार आहे.

ताम्रपट, तुम्हाला एक विचारायचं आहे. परितारिकेतल्या त्रिज्येच्या रेषा तांब्यावर थेट कोरणीने घ्याव्यात की आम्लाने? सैल पडलेला वर्तुळाकार स्नायू मऊ दिसायला हवा, आणि ताणलेले तंतू टोकदार.

---

ताम्रपट

दोन्ही, एकाच पत्र्यावर. ताणलेले तंतू कोरणीने. कोरणीची रेष सुरुवातीला बारीक, मध्ये भरदार आणि शेवटी पुन्हा बारीक होते, ताण तिथे आपोआप येतो. वर्तुळाकार स्नायूला आम्लाची रेष द्या, ती सगळीकडे सारख्या जाडीची आणि थोडी सैल असते. आम्ल आधी, कोरणी नंतर. बाहुलीचा काळा मेझोटिंटने करा, म्हणजे पत्रा आधी सगळीकडे खरखरीत करून, दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने तो काळा मिळणार नाही, आणि बेलाडोनाच्या फळालाही तोच काळा वापरा. पहिला ठसा निघाला की इथे टाका, शाई कमी-जास्त कुठे हवी ते बघून सांगते.